मागचे ड्रम ब्रेक घरी उघडू काय? (स्विफ्ट २००९, बेळगाव)

मागवाला_वडगाव

नमस्कार. गाडी २००९ ची पेट्रोल स्विफ्ट, केए-२२ पासिंग, १ लाख १८ हजार किलोमीटर. मी तिसरा मालक. घरी चार माग आहेत. जॉबरला (माग दुरुस्त करणाऱ्याला) वर्षातून एखाद्या वेळी बोलावतो, बाकी दुरुस्ती स्वतःच करतो. त्यामुळे पान्याची भीती नाही, पण गाडीचा ब्रेक आजवर उघडलेला नाही.

तक्रार अशी. हँडब्रेक आधी पाच-सहा कट्कट् झाले की धरायचा. आता अकरा-बारा वेळा कट्कट् होतंय तरी गाडी हलतेच. गेल्या आठवड्यात कपिलेश्वर पुलाच्या चढावर ट्रॅफिक तुंबलं. हँडब्रेक ओढून निवांत बसलो, आणि गाडी हळूहळू मागच्या रिक्षावर निघाली. रिक्षावाल्याने कन्नडमध्ये जे सांगितलं ते इथे लिहीत नाही. शिवाय सकाळी पहिला ब्रेक मारला की मागून डावीकडून रेडा हंबरल्यासारखा आवाज येतो.

परवा खंडेनवमीला पूजेसाठी गाडी धुतली. तेव्हा मागच्या डाव्या टायरच्या आतल्या अंगाला ओला डाग दिसला. साबणाने गेला, पण काल पुन्हा तिथेच. त्याच दिवशी उघडून बघणार होतो, पण पाने, हातोडे, पक्कड सगळं देवापुढे हळद-कुंकू लावून मांडलेलं. आई म्हणाली, आज पान्याला हात लावलास तर बघ. सुट्टीचा एकच दिवस होता, तोही गेला.

लायनर (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे पट्टे) मागच्या वर्षीच एका गॅरेजमध्ये बदललेत. इतक्यात कसे संपले? नवीन लायनरचा सेट आणून ठेवलाय, चौदाशे पडले. रविवारी घरी बसवू काय? विशेष हत्यार काय लागतं?

निपाणीकर

नको. साखर हंगाम तोंडावर आलाय. इकडे चिकोडी रोडला उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत असतात, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. अंधारात अचानक ट्रॉली समोर आली की ब्रेक पहिल्या पायात लागला पाहिजे. इंजिनचं ऑइल घरी बदला, हॉर्न बदला. ब्रेक गॅरेजला द्या.

मागवाला_वडगाव

गॅरेजलाच दिली होती की मागच्या वर्षी.

लेथवाला_उद्यमबाग

निपाणीकर म्हणतात त्यात तथ्य आहे. पण ज्याला माग उघडून जोडता येतो त्याला ड्रम ब्रेक येईल. त्यात अवघड काही नाही, विसराळूपणा मात्र चालत नाही.

पण तुझा प्रश्नच चुकलाय बाबा. तू लायनर कसे संपले विचारतोस. मी म्हणतो ते संपलेच नसतील. टायरच्या आतून येणारा ओला डाग म्हणजे व्हील सिलेंडर, तेलाच्या दाबाने लायनर ड्रमवर ढकलणारी नळी, गळतोय. बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची डबी बघ. पातळी उतरली असणार. वळणावर लाल दिवा लुकलुकतो काय? लायनर तेलात भिजला की हँडब्रेक कितीही ओढ, धरणार नाही. अशात नवीन सेट बसवलास तर महिन्यात तोही भिजेल आणि चौदाशे गटारात.

आता मागच्या वर्षी लायनर बदलल्यावरच हे का सुरू झालं ते सांगतो, कारण हे मी पुष्कळदा बघितलंय. लायनर जसजसा घासतो तसतसे सिलेंडरातले दोन्ही पिस्टन बाहेर सरकत जातात आणि वर्षानुवर्षं बाहेरच्याच पट्ट्यात काम करतात. मधला भाग वापरात नसतो. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, आणि आपल्याकडे चार महिने ओलीला तोटा नाही. त्या मधल्या भागात गंज धरतो, बारीक खड्डे पडतात. मग कुणीतरी जाड नवीन लायनर बसवतो, पिस्टन दाबून आत ढकलतो. रबरी कप थेट त्या खड्ड्यांवर जाऊन घासतो, कापला जातो, गळती सुरू. गॅरेजवाल्याने लायनर नीटच बसवला असेल, पण सिलेंडरचं रबर उचलून बघितलं नसणार.

तेव्हा आधी सिलेंडर आण, दोन्ही बाजूंचे. नुसतं रबर किट टाकू नको, आत खड्डे असतील तर किटला काही अर्थ नाही. स्प्रिंगांचा सेट मिळाला तर तोही घे. ब्रेक ऑइल डॉट ३ की डॉट ४ ते डबीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. बाटली सीलबंद घे, दुकानातली अर्धी उघडी नको.

आता काम. गाडी सपाट जागी, पहिल्या गिअरमध्ये. हँडब्रेक सोडलेला पाहिजे, ओढलेला असला तर ड्रम निघत नाही. म्हणून पुढच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लाव. जॅकवर उचल, पण जॅकवर ठेवू नको, खाली घोडी लाव. घोडी नसेल तर काम करू नको, विटा रचून तर अजिबात नको.

तुझ्या गाडीत ड्रम आणि हब एकच आहे, बेअरिंग ड्रममध्येच. मध्ये टोपी, टोपीखाली मोठा नट, नटाची कड पंच मारून खाचेत दाबलेली. ती कड आधी छिन्नीने सरळ कर, नाहीतर आटे घेऊन निघेल. चाकाच्या मधल्या भोकातून सॉकेट जात असेल तर नट चाक जमिनीवर असतानाच सैल कर. बसवताना हा नट नवीनच टाकायचा, मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क पान्याने आवळायचा आणि कड पुन्हा दाबायची. पाइप लावून जोर काढलास तर बेअरिंगचा जीव जाईल.

नट निघाला तरी ड्रम निघेलच असं नाही. ड्रमच्या कडेवर हातोडा मारू नको. बिडाचा आहे, टवका उडतो. आधी आत, हँडब्रेकच्या दांड्याखालचा केबलचा नट ढिला कर. मग मागच्या प्लेटला रबरी बूच असतं ते काढून आत स्क्रू ड्रायव्हर घाल आणि दाबस्प्रिंग ढकल. हँडब्रेकचा आतला लिव्हर तिच्यावर टेकलेला असतो. तो सुटला की शू, म्हणजे लायनर चिकटवलेले कमानदार पत्रे, मिटतात आणि ड्रमला सुटायला जागा होते. तेवढ्यानेही नाही निघाला तर स्लाइड हॅमर. माझ्याकडे आहे, लेथवर स्वतः केलेला, एक मीटरची सळई आणि साडेचार किलोचं सरकतं वजन. लागला तर ने.

ड्रम निघाला की पाय पेडलवर जाऊ देऊ नको, घरातल्या पोरांनाही सांग. पिस्टन उडून बाहेर येतात.

आतली काळी धूळ फुंकू नको. कॉम्प्रेसरची हवा तर मारूच नको. आपल्याकडे बाजारातल्या कुठल्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असेल सांगता येत नाही. साबणाचं पाणी आणि ब्रश, खाली जुनी परात, तोंडाला मास्क. पेट्रोल-डिझेलने धुवायची आपली जुनी सवय आहे, ती इथे सोड. सिलेंडरचं रबर त्याने फुगतं.

आणि एका वेळी एकच बाजू उघड. दुसरी बाजू म्हणजे तुझं चित्र. मोबाइलवर फोटो काढशीलच, पण फोटोत स्प्रिंगचा आकडा पुढून गेलाय की मागून ते कळत नाही.

कणकुंबी_पाऊस

ड्रम अडकण्यावरून सांगते. माझं माहेर कणकुंबीला. दोन वर्षांमागे जुलैत गाडी दारात नऊ दिवस उभी राहिली, आणि तीही हँडब्रेक ओढून. तिथला पाऊस ज्याने बघितलाय त्याला पुढचं सांगायला नको. दहाव्या दिवशी गाडी सुरू केली, क्लच सोडला, तर मागची दोन्ही चाकं न फिरता चिखलातून नांगरासारखी घसरत आली. लायनर गंजाने ड्रमला चिकटलेले. पुढे-मागे हिसके दिल्यावर एक चाक ठाप्पकन सुटलं. दुसऱ्याचा लायनर पत्र्यावरून सुटून आतच राहिला. तशीच जांबोटीपर्यंत आले, आत खडखड वाजत होतं. शहाणपणा केला नाही हे मान्य.

आता पावसाळ्यात गाडी उभी करताना गिअर आणि चाकाला लाकूड, हँडब्रेक नाही.

लेथवाले काका, एक विचारू? चोर्ला उतरून गोव्याला जाते तेव्हा खाली केरीजवळ येईपर्यंत मागच्या चाकांना करपल्याचा वास येतो. हे पण सिलेंडरच काय?

लेथवाला_उद्यमबाग

ताई, वास नक्की मागूनच येतो काय? उतारावर वजन पुढे जातं आणि मोठं काम पुढचे डिस्क करतात. मागून येत असेल तर हँडब्रेकची केबल अडकून शू अर्धवट दाबलेला राहत असणार, पाणी शिरून केबल आतून गंजते. सपाटीवर दहा किलोमीटर जा, थांब, चारही रिमांजवळ हात ने. लावू नको, नुसता जवळ ने. एकच बाजू तापलेली असली तर ती केबल किंवा सिलेंडर. दोन्ही मागची सारखीच तापली असली तर हँडब्रेक जास्त आवळलेला. आणि घाटात दुसऱ्या गिअरमध्ये उतर, ब्रेकवर पाय ठेवून उतरू नको.

कणकुंबी_पाऊस

तिसऱ्यात उतरते. दुसऱ्यात इंजिन ओरडतं म्हणून नवरा ओरडतो.

लेथवाला_उद्यमबाग

इंजिनला ओरडू दे.

मागवाला_वडगाव

झालं काम. रविवारी सकाळी आठला बसलो, उठलो संध्याकाळी सहाला. काकांनी स्लाइड हॅमर दिला म्हणून, नाहीतर अजून तिथेच असतो.

डबी आधी बघितली. तेल खालच्या रेघेच्याही खाली. आणि लाल दिव्याचं काका म्हणाले तसंच होतं. तो दिवा दिवाळीच्या आधीपासून गोव्याच्या वळणावर लागायचा, म्हणजे गेल्या दिवाळीच्या. मी दोनदा तेल ओतून विषय मिटवला होता. तेल गेलं कुठे हे एकदाही मनात आलं नाही.

याची मला जास्त लाज वाटते, कारण मागालाही ब्रेक असतो. ज्यांनी माग बघितला नाही त्यांच्यासाठी: बाणा (आडवा धागा) तुटला की माग तिथल्या तिथे थांबायला पाहिजे, नाहीतर कापडात फट पडते. त्यासाठी क्रँकच्या शाफ्टवर ड्रम आणि त्यावर लायनरचा पट्टा. शेजारच्या बेअरिंगचं तेल त्या पट्ट्यावर उडालं की माग दोन फेरे जास्त मारून थांबतो. अशा वेळी आम्ही पट्टा बदलत नाही, आधी तेल कुठून येतंय ते शोधतो. वीस वर्षं हे करतोय. आणि गाडीला सरळ जाऊन चौदाशेचा सेट घेऊन आलो.

उजवीकडचा ड्रम दोन झटक्यांत निघाला. आत सगळं कोरडं, लायनर जेमतेम घासलेला. डावा मात्र अडला. केबल ढिली केली, बूच काढून स्प्रिंग ढकलली, तरी हलेना. हॅमरची प्लेट स्टडांना लावली आणि मारत बसलो. साडेचार किलोचं वजन प्रत्येक वेळी मागे येऊन धडकतं, दंड भरून आले. शेजारी चहा घेऊन बघायला जमले. तिसऱ्या चहाला ड्रम निघाला.

आत बघितलं तर लायनर काळा, चकचकीत, तेल प्यालेला. सिलेंडरचं रबर स्क्रू ड्रायव्हरने उचललं तर आतून चमचाभर तेल सांडलं. लायनरची जाडी भरपूर होती. म्हणजे काकांचं बरोबर, संपलेच नव्हते. पुसून, पॉलिश पेपर मारून तोच परत वापरावा असं मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू. पण चिंधीने दाबलं की पुन्हा तेल वर येत होतं. टाकून दिला. उजवीकडचा चांगला होता तरी तोही बदलला, नाहीतर दोन बाजूंनी वेगवेगळं धरलं असतं.

सिलेंडर काढताना ब्रेक पाइपच्या नटाने रडवलं. साध्या पान्याने त्याच्या कडा गोल व्हायला लागल्या. मग थांबलो, गंज सुटायचं तेल मारून जेवून आलो आणि पाइपच्या नटाचा खाचेचा रिंग पाना शेजारच्या सर्व्हिसिंगवाल्याकडून मागून आणला. त्याने पहिल्याच पिळात सुटला. हा पाना आधीच आणून ठेवा, हे कुणी सांगितलं नव्हतं.

आता चूक सांगतो. दोन शूंच्या मध्ये आडवी पट्टी असते, दात असलेली, जी लायनर घासेल तशी आपोआप लांब होते. ती डावी-उजवी वेगळी असते. मी दोन्ही धुवून एकाच परातीत ठेवल्या. काकांनी सांगितलं होतं एका वेळी एकच बाजू, पण ड्रम दोन्ही काढून बसलो होतो, घाई. डावीकडे उजवीची बसवली. सगळं जोडलं, ड्रम घातला, पेडल मारलं, पेडल खाली जातंच आहे. परत उघडलं. पट्टी उलटी बसली होती, दात धरतच नव्हते. दीड तास गेला.

ब्रेकच्या पाइपात शिरलेली हवा काढायला पेडल दाबावं लागतं, त्याला घरात कुणी मोकळं नव्हतं, म्हणून मागावर कामाला येणारा पोरगा बसवला. त्याला मराठी समजतं, पण घाईत उलटं ऐकतो. म्हणून कन्नडमध्येच, ओत्तु, हिडि, बिडु. दाब, धर, सोड. निप्पल (हवा सोडायचा स्क्रू) उघडायचं ते हिडि म्हटल्यावर, आणि बिडु म्हणायच्या आधी बंद करायचं. एकदा मी निप्पल बंद करायच्या आधीच बिडु म्हणालो आणि हवा परत आत गेली. पहिल्या अर्ध्या बाटलीत तेल चहासारखं आलं, मग हळूहळू स्वच्छ. चारही चाकांची काढली, मध्ये मध्ये डबी भरत राहिलो.

शेवटी पेडल पंधरा-वीस वेळा दाबलं. दर वेळी मागून बारीक टक् ऐकू यायचं, पट्टी एकेक दात पुढे सरकत होती. आवाज थांबल्यावर हँडब्रेकची केबल आवळली. आता सहाव्या कट्ला धरतो. गल्लीत दहाच्या वेगाने चार वेळा थांबवून बघितली, मग अनगोळपर्यंत एक फेरी. दोन्ही ड्रम कोमट, सारखेच. काल मुद्दाम कपिलेश्वर पुलावर चढावर थांबलो. मागे रिक्षा नव्हती, पण गाडी जागची हलली नाही.

लेथवाला_उद्यमबाग

बरं झालं. ड्रम आतून मोजलास काय? कमाल व्यास ड्रमवरच कोरलेला असतो, त्याच्या पुढे गेला असला तर लेथवर कट मारण्यातही अर्थ नाही. आणि आतल्या प्लेटवर शू जिथे घासतात त्या उंचवट्यांना ग्रीस लावलंस काय? नाहीतर तो रेडा परत हंबरेल.

मागवाला_वडगाव

मोजला, कमाल मापाच्या खाली आहे. ग्रीस लावलं, उष्णतेचं, मुगाच्या डाळीएवढं. जास्त लावणार होतो, पण तेलाचा धडा ताजा होता.

निपाणीकर

दहा तास आणि तीन चहा. गॅरेजमध्ये दोन तासांचं काम. पण बरं केलंत. सिलेंडरचे किती पडले?

मागवाला_वडगाव

दोन्हीचे मिळून अकराशे. स्प्रिंग, नट आणि तेल धरून लायनरसकट तीन हजाराच्या थोडं वर गेलं. माझी मजुरी धरलेली नाही. माग दिवसभर बंद होते ते आईने धरलंय.

काका, हॅमर परत द्यायला उद्या उद्यमबागेत येतो. येताना कुंदा आणू काय?

लेथवाला_उद्यमबाग

कुंदा नको, शुगर आहे. तो जुना सिलेंडर टाकला नसशील तर घेऊन ये. कापून आतून बघायचाय, खड्डा नेमका कुठे पडलाय.